दीड लाख कमी, पण कशाचे? दोष असलेली वेगवान सेकंडहँड गाडी घेताना

‘२०२२चं मॉडेल, फक्त २५ हजार किलोमीटर, एकहाती वापर, गिअरबॉक्सचं थोडं काम आहे म्हणून दीड लाख कमी.’ अशी जाहिरात मोबाइलवर आली की गाड्यांची आवड असलेल्या माणसाचा हात लगेच फोनकडे जातो. गाडी व्हर्टस जीटी असो, स्लाव्हिया १.५ असो किंवा टायगुन जीटी. १५० पीएसचं इंजिन, २५० न्यूटन मीटर टॉर्क, सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स आणि जालन्याला लागूनच गेलेला समृद्धी महामार्ग. मोह पडणारच. पण फोनवर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा, ‘हे काम वॉरंटीत का नाही करून घेतलं?’

सगळं गणित या एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे. फोक्सवॅगन-स्कोडा ग्रुपने २०२२च्या सुमारास विकलेल्या या गाड्यांना ४ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी होती, आणि पैसे भरून ती वाढवताही येत होती. त्या काळात गिअरबॉक्स बिघडला तर मालकाला खर्च यायला नको होता. तरीही दोष तसाच ठेवून तो दीड लाखाचं नुकसान सोसायला तयार असेल, तर त्यामागे काहीतरी कारण आहे. मुदत नुकतीच संपली असेल आणि वाढीव वॉरंटी घेतली नसेल, तर ते कारण कागदावर लगेच दिसतं. कंपनीने काम वॉरंटीत करायला नकार दिला असेल, तर तो का दिला हे गाडीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे.

नकाराची कारणं साधारण तीन असतात. पहिलं आणि वेगवान गाड्यांत सर्वाधिक संशय घ्यावा असं कारण म्हणजे रीमॅप, पोरांच्या भाषेत ‘स्टेज वन’. इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवतात. गाडी विकायच्या आधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं, तरी कंपनीच्या संगणकावर त्या चासीसमोर ‘टीडी१’ अशी खूण राहू शकते. ती एकदा लागली की इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडायचं. दुसरं कारण सर्व्हिस चुकवणं किंवा बाहेर खोलाखोल करणं. तिसरं अपघात किंवा पाणी. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या, ते आपण पाहिलं आहे. गिअरबॉक्सवरच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये पाणी गेलेली गाडी वरून चकाचक दिसते आणि पुढची दोन वर्षं एकेक वायर कुजत राहते. पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. या दोषाची किंमत कुणालाच काढता येत नाही.

मालक म्हणाला, ‘वॉरंटी चालू आहे, मलाच वेळ नाही,’ तर उत्तर सोपं आहे. आधी काम करून घ्या, मग पूर्ण किंमत देतो. प्रामाणिक माणूस याला हो म्हणेल, कारण त्यात त्याचाच फायदा आहे. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडची वॉरंटी बहुधा कागदावरच उरली आहे.

दोष नेमका कुठे असतो

या गाड्यांतला सात गिअरचा डीएसजी जगभर डीक्यू२०० नावाने ओळखला जातो. आपल्याकडे तो २०१३च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये आला, ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयमध्ये होता आणि आज १.५ टीएसआयला जोडला जातो. त्यात दोन कोरडे क्लच आहेत. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. कोणता क्लच कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे ठरवतो मेकाट्रॉनिक. संगणक, तेलाचा पंप आणि व्हॉल्व्ह यांचा हा एकत्र डबा आहे. त्याचं स्वतःचं सुमारे लिटरभर तेल असतं आणि ते गिअरच्या तेलापासून वेगळं असतं.

या गिअरबॉक्सच्या तक्रारींचा इतिहास उघड आहे. मार्च २०१३मध्ये चीनमध्ये सरकारी टीव्हीवर बातमी झळकली आणि फोक्सवॅगनला तिथल्या सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायची मोहीम जाहीर केली. उष्ण आणि दमट हवेत त्या सिंथेटिक तेलामुळे विजेचे दोष निर्माण होऊ शकतात, हे त्यामागचं कारण होतं. पुढे गिअरबॉक्समध्ये सुधारणा होत गेल्या आणि बहुतेक गाड्या बिनतक्रार चालतात. पण बिघाड होतो तेव्हा तो ठरावीक जागीच होतो. मेकाट्रॉनिकचा दाब साठवणारा भाग जिथे बसतो, तिथे ॲल्युमिनियमच्या डब्याला तडा जातो, तेल गळतं, पंप चालूनही दाब धरत नाही. स्कॅनरवर अशा वेळी पी१७बीएफ हा कोड बऱ्याचदा दिसतो. दुसरी जागा म्हणजे क्लच. गर्दीत इंच-इंच पुढे सरकवत चालवलेल्या गाडीचे कोरडे क्लच तापतात, झिजतात, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी थरथरते.

रीमॅपचा संबंध इथे येतो. डीक्यू२००ची रचना जास्तीत जास्त २५० न्यूटन मीटरसाठी आहे आणि १.५ टीएसआय कंपनीतून निघतानाच बरोबर २५० देतं. म्हणजे वर काहीच जागा उरत नाही. त्यावर आणखी टॉर्क चढवला की क्लच घसरायला लागतात. २५ हजार किलोमीटरला क्लच संपलेली गाडी दिसली, तर आधी हाच संशय घ्या.

हा दोष फक्त पैशांचा नाही. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. त्या वेगात ताकद एकदम गेली आणि मागून ट्रेलर येत असेल, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून दोष दुरुस्त होईपर्यंत अशी गाडी महामार्गावर चालवत आणू नका, फ्लॅटबेडवरच आणा. ‘हळू हळू नेऊ’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

टेस्ट ड्राइव्ह महामार्गावर नको, गावात

विकणारा तुम्हाला समृद्धीच्या दिशेने नेईल, कारण तिथे ही गाडी झोकात पळते. डीएसजी सरळ रस्त्यावर क्वचितच रडतो. त्याची परीक्षा होते ती गर्दीत. गाडी आधी सुरू करून ठेवू नका, इंजिन थंड हवं, असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. मग गांधी चमन, मामा चौक, भोकरदन नाका असं संध्याकाळच्या गर्दीत निदान पाऊण तास फिरवा. गाडी तापल्यावर लक्ष द्या. ब्रेकवरून पाय उचलल्यावर ती गुळगुळीत सरकते की धक्का मारून? पहिल्यावरून दुसऱ्यात जाताना थरथर आहे का? चढावर रिव्हर्स घेऊन पाहा. गाडी थेट दुसऱ्यात सुटून चौथ्यात उडी मारत असेल, तर एका बाजूचे गिअर गेले आहेत. रिव्हर्सच लागत नसेल, तर दुसऱ्या बाजूचे. डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं किंवा पान्याचं चिन्ह आलं, तर गाडी तिथेच बंद करा आणि पुढचं बोलणं स्कॅननंतर.

स्कॅन दोनदा करून घ्या, एकदा फिरवायच्या आधी आणि एकदा नंतर. विकणाऱ्याने सकाळीच कोड पुसले असतील, तर पाऊण तासाच्या फेरीत ते परत उगवतात. हे काम या ग्रुपच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर असलेल्या मेकॅनिककडूनच करा. साध्या स्कॅनरला इंजिनचे कोड दिसतात, गिअरबॉक्सच्या आतलं क्लचचं मोजमाप दिसत नाही. क्लच किती झिजला आहे, हे त्याच मोजमापावरून कळतं.

त्यानंतर अधिकृत सेवा केंद्र. संभाजीनगर-जालना रोडवर शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना २००१पासून आहे आणि व्हर्टस, स्लाव्हिया पुण्याजवळच्या चाकणला बनतात. पण कारखाना जवळ असला म्हणून दुरुस्ती जवळ होत नाही. जालनेकराला बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, साधारण ६० किलोमीटर. मालकाला बरोबर घेऊन जा. त्याच्या परवानगीने चासी नंबरवरून पूर्ण सर्व्हिस हिस्टरी, वॉरंटीची स्थिती, प्रलंबित रिकॉल आणि ‘टीडी१’ची खूण विचारा. आणि दोषाचं लेखी एस्टिमेट घ्या, सुटा भाग, मजुरी, कोडिंग, जीएसटी वेगवेगळं लिहिलेलं. त्या कागदाशिवाय बयाणा देऊ नका. मालक तिथे यायलाच तयार नसेल, तर गाडी सोडा.

हिशेब असा मांडा

दीड लाख कमी आहे म्हणजे दीड लाखाचा फायदा, हा समज काढून टाका. सुरुवात निरोगी गाडीच्या आजच्या भावापासून करा. मालकाने नवी घेताना किती मोजले, हा हिशेबात येणारा आकडा नव्हे. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब गाड्यांवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून लागणारा कर जास्त होता, आता सेस जाऊन सरसकट ४० टक्के आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायलाच हवा. विकणारा मात्र जुन्या बिलावरूनच बोलत राहतो. त्याच सालच्या, त्याच व्हेरिएंटच्या, तेवढ्याच चाललेल्या तीन-चार बिनदोष गाड्यांचे भाव काढा आणि त्यांची सरासरी धरा.

उदाहरणासाठी आकडे धरू. हे गृहीत आहेत, तुमच्या हातातल्या एस्टिमेटप्रमाणे बदला. निरोगी गाडी १३ लाखांची. नवं मेकाट्रॉनिक, मजुरी आणि कोडिंगसह सव्वादोन लाख. क्लच बदलावे लागण्याची शक्यता निम्मी असेल, तर लाखाच्या कामाचे निम्मे म्हणजे ५० हजार. फ्लॅटबेड, तपासणी आणि संभाजीनगरच्या फेऱ्यांचे १५ हजार. गाडी गॅरेजात असताना दुसऱ्या वाहनाचे १० हजार. आणि खोलल्यावर काहीतरी निघतंच, त्यासाठी ६० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. म्हणजे या गाडीची तुमच्यासाठी किंमत ९ लाख ४० हजार. विकणारा साडेअकरा मागतोय. दीड लाख ‘सोडणारा’ माणूस प्रत्यक्षात तुमच्याकडून २ लाख १० हजार जास्त घेतो आहे.

या मांडणीवर मालक चिडेल. चिडू द्या. त्याला एकच सांगा, ‘तुमच्या म्हणण्याप्रमाणे काम दीड लाखाचंच असेल, तर तुम्ही करून द्या, मी तेरा लाख देतो.’ ज्याला स्वतःच्या आकड्यावर विश्वास आहे, तो हे मान्य करेल.

बाहेरच्या गॅरेजात मेकाट्रॉनिक दुरुस्त करून मिळतं. तडा गेलेला डबा बदलतात, सील बदलतात, आणि खर्च नव्या भागापेक्षा बराच कमी येतो. चांगल्या हाताने केलेलं काम टिकतंही. पण वॉरंटी चालू असेल तर हा रस्ता धरू नका, आणि धरलाच तर लेखी हमी किती महिन्यांची ते बिलावर घ्या. जुन्या गाडीतून काढलेलं मेकाट्रॉनिक बसवून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तो भाग कोणत्या कारणाने निघाला, हे कुणी सांगत नाही.

कर्ज काढणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. बँक किंवा फायनान्स कंपनी कर्ज देते ते तिच्या मूल्यांकनावर, आणि दुरुस्तीचा पैसा त्यात बसत नाही. सव्वादोन लाख रोखीने तुमच्याच खिशातून जाणार. सेकंडहँड गाडीचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो. ७ लाख, १४ टक्के, ४ वर्षं धरली तर हप्ता सुमारे १९ हजार १०० रुपये आणि एकूण व्याज २ लाख १८ हजारांच्या आसपास. कापसाचे किंवा मोसंबीचे पैसे हंगामात येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. त्यात पहिल्या तीन महिन्यांत गाडी गॅरेजात असेल, तर हप्ता उभ्या गाडीचा भरावा लागेल. दुरुस्तीची पूर्ण रक्कम आणि सहा हप्ते हाताशी नसतील, तर ही गाडी तुमच्यासाठी नाही.

विम्यावर भिस्त ठेवू नका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड आणि झीज वगळलेली असते. गिअरबॉक्स आपोआप गेला तर दावा नाही. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनसही तुमच्याकडे येत नाही, तो त्याचाच. म्हणून विम्याचं कोटेशन बोनस न धरता घ्या. आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला टाका. त्यानंतर अपघात झाला आणि पॉलिसी जुन्याच नावावर असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

कागद

गाडी जालन्याच्या एमएच-२१ची असो वा राज्यातल्या दुसऱ्या पासिंगची, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सरकारी फी काही शेकड्यांत आहे. कर्ज असेल तर हायपोथिकेशनची नोंद १,५०० रुपये. एजंट याच कामाचे पाच-सात हजार सांगत असेल, तर फीची पावती मागा. जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय मालकाला शेवटची रक्कम देऊ नका. वेगवान गाडीवर वेगाची चलनं साचलेली असतात, ती परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून मालकाकडून भरून घ्या. २०१९च्या एप्रिलआधीची पोलो किंवा ऑक्टेव्हिया असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहा. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी लागतात.

परराज्यातली गाडी स्वस्त दिसते. तिच्यासाठी फॉर्म २८ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. इथे व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के, त्यावर १३ टक्के. १८ लाखांच्या नव्या गाडीला हा कर २ लाख १६ हजार होतो. जुन्या गाडीला वयानुसार काही भाग कमी होतो, तरी लाखाच्या पुढचा आकडा धरूनच चाला. तिकडे भरलेल्या कराचा परतावा वेगळा मागावा लागतो, आणि त्यासाठी खेटे घालावे लागतात.

डीलरकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र पाहा. १ एप्रिल २०२३पासून सेकंडहँड गाड्यांच्या डीलरला ते सक्तीचं आहे आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद मालकाने फॉर्म २९सीने करायची असते. ही नोंद नसेल तर तुम्ही नेमकं कुणाकडून घेताय हेच स्पष्ट राहत नाही. डीलरला १८ टक्के जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. पूर्ण किमतीवर जीएसटी लावलेलं बिल दिलं, तर हिशेब विचारा.

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारता येत नाही, आणि पुढे वाद झाला तर बँकेची नोंद हाच तुमचा पुरावा.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे ५०० रुपयांच्या स्टॅम्पवरचा करारनामा. त्यात माहीत असलेला दोष नेमका लिहा, स्कॅनचे कोड आणि त्या दिवशीचं किलोमीटरचं रीडिंग यांसह. खाली मालकाचं वाक्य हवं, ‘याखेरीज इंजिन, गिअरबॉक्स, अपघात, पाणी किंवा सॉफ्टवेअर बदल यांबाबत कोणताही दोष माझ्या माहितीत नाही.’ पहिला भाग मालकाचं रक्षण करतो, कारण सांगितलेल्या दोषाबद्दल तुम्हाला नंतर तक्रार करता येणार नाही. दुसरा भाग तुमचं रक्षण करतो. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं हे १८७२च्या करार कायद्याच्या कलम १७ नुसार फसवणुकीत येतं. मालक हे वाक्य लिहायला तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं आहे.

डीलरने फसवलं तर जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत २ वर्षं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. व्यवहार दोन व्यक्तींमधला असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग बहुतेक बंदच असतो आणि दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे कामी येईल तो वरचा करारनामाच. म्हणून दसऱ्याच्या मुहूर्तासाठी तो घाईत उरकू नका, हवं तर गाडी पाडव्याला घ्या.

गाडी घेतल्यावर पहिलं काम दुरुस्तीचं. बिलावर बदललेल्या भागाचा नंबर आणि त्यावरची हमी लिहून घ्या, काढलेला जुना भाग पाहा, आणि क्लचची नवी मोजमापं छापून मागा. महिनाभर गावातच चालवा. हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा स्कॅन करा. त्यात काही नवं दिसलं, तर हमीच्या मुदतीतच परत न्या.